ओली काच

कोर्टनाक्यावर माझं दुकान.
जामीनदाराचे फोटो, तीन प्रती, दहा मिनिटांत.
डॅनियल किहीमकर आले ते दुपारी, ऊन काउंटरवर चढायच्या वेळेला,
जुन्या पोलक्याच्या कापडात काच गुंडाळून.
म्हणाले, पणजोबांच्या पेटीत होती.
म्हणाले, जपून, कोपरा उडालाय.

दिव्यावर धरली.
आधी काहीच नाही, नासलेल्या दुधासारखे डाग.
मग कमान.
मग तिला दोन बाजूंनी खांदा दिलेले बुरूज,
मग दारावरचे खिळे, एकेक, पांढरे, तांदळाएवढे.
आपला किल्ला, म्हटलं मी. म्हणजे जेल.
चाळीस वर्षं मी ह्या भिंतीसमोरून जातो-येतो
आणि माझ्याकडे तिचा एक फोटो नाही.
सक्त मनाईची पाटी आहे तिथे.

निगेटिव्ह सगळं उलटं बोलते.
आभाळ काजळीचं,
आणि दाराआतला काळोख
लख्ख, चुन्यासारखा.

पणजोबा फोटोवाल्या साहेबाचे पाणके होते.
मासुंद्याचं पाणी, काळा तंबू,
काच ओली आहे तोवर सगळं उरकायचं.
चांदीचं पाणी कातडीत मुरलं ते मुरलंच;
शब्बाथच्या दिव्यापाशी त्यांची बोटं
दुसऱ्या कुणाची वाटायची, असं घरात सांगतात.
टोपण काढलं की मोठ्याने मोजायचं कामही त्यांचंच,
मराठीत, पंधरापर्यंत.

त्या पंधरात
बेड्यांतले वीसबावीस जण कमानीतून आत गेले,
मागे शिपाई, मागे मिठाची एक गाडी.
हेही घरात सांगतात.
काचेवर त्यांतला एकही नाही.
जो चालला तो पुसला.
जमिनीलगत थोडा धूर आहे फक्त,
वीस माणसांच्या मानाने फारच थोडा.

राहिली ती एक बाई.
उजव्या बुरुजाच्या पायाशी
(डाव्या; काच मी उलटी धरली होती)
मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली.
लुगड्याच्या काठाच्या रेघा मोजता येतात.
तिला कुणी सांगितलं नसणार, हलू नकोस म्हणून.
हात तेवढा विरघळलाय, मनगटापासून पुढे.
माशी वारली असेल.
किंवा आत चाललेल्या कुणाला
काहीतरी राहिलं म्हणून.

स्कॅन करताना मी श्वास धरला, उगाचच.
पडद्यावर मोठी करत गेलो तो हात,
आणखी मोठी,
तर नुसते चौकोन उरले, करडे.
कमानीतून तिरका तडा गेलाय.
म्हटलं, घालवून देऊ? दोन मिनिटांचं काम.
राहू द्या, म्हणाले. तो जुना नाही.
माझ्याच हातून गेलाय, मागच्या वर्षी,
वृंदावनचा फ्लॅट सोडताना.
आणि चष्मा पुसत बसले.

पैसे मी घेतले. घेऊ नयेत असं वाटलं, पण घेतले.

तेवढ्यात दारात एक बाई,
हातात डबा, डब्यावर रुमाल बांधलेला,
चप्पल बाहेर काढावी की नाही ह्या विचारात.
जामिनाला फोटो लागतो म्हणाली.
स्टुलावर बसवलं.
पदर नीट करा. हनुवटी वर. हलू नका.

मी कुठे हलले, म्हणाली,
सकाळपासून.