मुठीतली ओल

दूधगाडी होती ती मूळची.
मागे पत्र्याची पेटी, आत थर्माकोल,
दारावर पुसट झालेली निळी म्हैस.
ह्यांनी ती भंगारातून आणली,
उद्यमनगरात तीन महिने ठोकाठोक केली,
दोन फळ्या झोपायला, एक शेगडी, पाण्याचं पिंप,
छताला बसमधला जुना पंखा.
म्हैस मी खरवडू दिली नाही.
म्हटलं, असू दे कुणीतरी ओळखीचं सोबत.

ऑक्टोबर होता. जो तो म्हणाला, थंडीत जावा.
हे म्हणाले, चाळीस वर्षं भट्टीपुढं काढली,
मला कोण उकाडा दाखवणार?

पण भट्टीचा उष्मा कोरडा.
अंगावर येतो, घाम घेतो, पाळी संपली की सुटतो.
हा सुटत नाही.
गगनबावड्याचं शेवटचं वळण उतरलो
आणि कुणी ओलं घोंगडं टाकावं गाडीवर
तसं झालं.

काडी पेटेना.
मिठाला पाणी सुटलं, गुळाची ढेप
पिशवीतून चटईवर आली.
माझ्या पर्सला बुरशी धरली,
तिच्यात पासबुक होतं, आणि घराची किल्ली.
दुपारी पत्रा तापला की
फळ्यांच्या मागून वर यायचा
कुठल्यातरी जुन्या, सांडलेल्या दुधाचा आंबूस वास.
ह्यांना तो यायचा नाही.
मला दुसरा कुठलाच यायचा नाही.

पिंपाच्या झाकणावरून भांडलो एकदा.
आठ बाय पाचाच्या पेटीत
अबोला धरायलासुद्धा जागा पुरत नाही,
कूस बदलली तरी बोलल्यासारखं होतं.

त्याच रात्री, कुडाळच्या अलीकडं,
पंखा बंद पडलेला, पान हलत नाही,
ह्यांनी खिडकीतून हात काढला
आणि हवा मुठीत आवळली.
मोल्डर वाळू बघतो तशी.
मूठ उघडायची. ढासळली तर कोरडी.
हाताला चिकटली तर ओली.
बोटांचे ठसे राहून मधोमध स्वच्छ मोडली, तर घ्यायची.
ओल ज्यादा झाली की ओततानाच वाफ कोंडते,
लोखंडाला भोकं पडतात.

मूठ उघडून बघितली बराच वेळ.
"ह्यात काय ओतायचं नाही," म्हणाले,
आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यानं
मला वारा घालत बसले उजाडेपर्यंत.
लग्नानंतर किती वर्षं
आमच्या रात्री त्या रात्रपाळीनंच नेल्या होत्या.

एकोणीस दिवसांनी घाट चढून आलो.
राजारामपुरी दहा मिनिटांवर.
ह्यांनी रंकाळ्यावर गाडी बंद केली.
का, ते मी विचारलं नाही.

चहाच्या गाड्यावरचं पोरगं आलं,
म्हशीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.
"कुठनं आलासा, पावणं?"
हे माझ्याकडं बघायला लागले.
मी म्हटलं, "लांबनं."

मग त्यानं आम्हाला कोल्हापूर सांगितलं.
पहाटे देवळात जावा, गर्दी नसते.
गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध मिळतंय.
पन्हाळ्याला ऊन चढायच्या आत.
आणि तांबडा रस्सा खाल्ल्याबिगर हलू नका.
ह्यांनी, सात पिढ्यांच्या जैनानं,
मान डोलावली गंभीरपणानं,
कुठल्या खानावळीत, ते सुद्धा विचारून घेतलं.
दोन चहांचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

रात्री दार सताड उघडं.
पाण्यावरून केंदाळाचा वास,
लांब कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या.
इथंही उकडत होतंच की,
पण हे उकडणं आमच्या भाषेत होतं.
ह्यांनी परत मूठ आवळली.
"काय म्हणतीय?"
"बघ की तूच," म्हणत माझ्यापुढं धरली.
भाजल्याचे जुने डाग, रेषा, घाम.
मला त्यातलं कळत नाही.
मी नुसती मिटून ठेवली माझ्या हातात.

सकाळी गाडी चालू करायच्या आधी
हे खाली उतरले, त्या पोराजवळ गेले,
आणि राजारामपुरीचा रस्ता विचारला.
त्यानं नीट सांगितला, हात करून करून.
त्यातली दोन वळणं
आम्हाला खरंच ठाऊक नव्हती.