कल

लातुरात, गूळ मार्केटच्या मागे,
डाळमिलच्या माडीवर आमचं ऑफिस.
खाली तूर भरडतात, वर टेबल थरथरतं
आणि स्पेसबारखाली इतकी चुरी साठते
की महिन्यातून एकदा कीबोर्ड उलटा धरून
पत्र्यावरच्या कबुतरांसाठी झटकावा लागतो.

मार्चअखेरीला मी जुना कोड आवरायला घेतला.
फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली होती
आणि तिला आमची घडी पसंत नव्हती.
पावतीचा कोड सहा ठिकाणी, तारखेचा चार,
एक फोल्डर नुसता ‘नवीन’, त्यात ‘नवीन २’,
त्यात ‘हे वापरा’.

मी ‘सामाईक’ नावाचा फोल्डर केला.
जे दोनदा लागतं ते इथं, एकदाच.
बटण एक. तक्ता एक. पावती एक.
रात्री अकराला मिल थांबली तेव्हा
पडद्यावर नावं अशी ओळीनं उभी होती
की मीच माझ्यावर खूश.

बेरजेच्या फंक्शनमध्ये तेवढी एक ओळ खटकली.
पैसे कितीही असोत, वरचा रुपया धरायचा.
चाळीस पैसे? रुपया. दोन पैसे? रुपया.
वर तस्लीमची टीप:
‘हलवू नका. विचारायचं असेल तर फोन करा.’
तस्लीमला हैदराबादला जाऊन तीन वर्षं झाली होती.
फोन कोण करतो.
चौथीत शिकवलं तसं केलं,
पन्नासच्या पुढं वर, अलीकडं खाली,
आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं: चूक दुरुस्त.

तिसऱ्या दिवशी ग्यानोबा मुकादम जिना चढून आला.
हातात पावती, घामानं मऊ झालेली.
‘चारशे सदतीस कामून आलं?
चाळीस पैसे वर हाईत की. रोज अडतीस येतंय.’
मी गणित सांगू लागलो.
तो म्हणाला, ‘गणित बरोबर आसंल जी.
त्या वरच्या पैशात टोळीचा च्या व्हायचा.’

मग शोध लावला, ही बेरीज कुठं कुठं जाते.
एकोणीस फायली.
हमाली, अडत, दवाखान्याची चिठ्ठी,
औशाच्या शाळेची बसफी, किलोमीटरवर मोजलेली.
तिथंही तोच वरचा रुपया,
तीन वर्षं, दर महिन्याला,
पण तिथं तो घेतला जात होता.

फोन लागला. मागे कुकरची शिट्टी.
‘ते हमालांसाठी होतं रे,’ तस्लीम म्हणाली,
‘शाळेला कुणी लावलं?’

मी लावलं होतं.
रात्रीतून उचलून, जसंच्या तसं,
चालतंय म्हणून.

खाली हरभरा आला की रशीद
तुरीची चाळणी काढून भिंतीला टेकवतो.
रोज बघतो मी ते, जिन्यावरून येता-जाता.

आता त्या फंक्शनला आणखी एक गोष्ट सांगावी लागते.
तिचं नाव ठेवण्यात अख्खी दुपार गेली.
‘दिशा’ लिहिलं, खोडलं. ‘प्रकार’ लिहिलं, खोडलं.
शेवटी ‘कल’. काट्याचा असतो तसा.
न सांगता पुढं गेलात तर बेरीज होत नाही,
लाल अक्षरांत विचारते: कुणाकडं?

ग्यानोबाचा रुपया परत सुरू झाला.
शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले,
ऑडिट झालंय, आता राहू द्या.
‘सामाईक’मध्ये एक फाईल आहे,
कुठल्याच पडद्याला न जोडलेली:
तीनशे बारा पोरं, नावापुढं रक्कम,
कुणाचे सत्तावीस, कुणाचे साडेचार.
फ्रेमवर्क दर वेळी तक्रार करतं,
ही कुठंही वापरात नाही, काढू का?

मी नाही म्हणतो.