टोलेडोचं घड्याळ

ऐरोलीच्या सहाव्या मजल्यावर मी रुजू झाले तेव्हा
भिंतीवर दोनच घड्याळं होती,
एक आपलं, एक टोलेडोचं.
मध्ये साडेनऊ तास. नोव्हेंबरात साडेदहा.
तिकडे ओहायोत कुणीतरी काटा मागे सारायचा
आणि इकडे कळव्यात सासूबाई
डाळीचा कुकर तासभर उशिरा लावायच्या.

लोरेटा मला शिकवायची.
विम्याच्या दाव्यांचा महिनाअखेरचा प्रोग्राम,
तिने एकवीस वर्षं सांभाळलेला.
अकरा आठवडे, रोज संध्याकाळी.
कॉफीचा घोट, मग एक ओळ, मग कुत्र्याला दटावणं,
मग पुढची ओळ.
कशासाठी शिकवतोय हे तिला ठाऊक होतं.
मलाही.
आम्ही दोघींनी त्यावर एक अक्षर काढलं नाही.

याला कंपनीत नॉलेज ट्रान्सफर म्हणतात.
मी मराठी शब्द शोधून पाहिला.
विद्यादान म्हणावं, तर
इथे अंगठा गुरूचा गेला.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं,
तुझ्या खिडकीतून काय दिसतं?
म्हटलं, खाडी. तिवरं. विजेचे मनोरे,
आणि चिखलात हजारेक गुलाबी रोहित पक्षी.
ती एवढी हसली की ठसका लागला.
त्यांच्याकडे म्हणे ते प्लॅस्टिकचे मिळतात,
लोक अंगणातल्या हिरवळीत खोचून ठेवतात.
खरे असतात यावर
तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नसावा.

मग आम्ही वाढलो.
सहाव्याचा सातवा, सातव्याचा नववा मजला,
पुणे, क्राकोव्ह,
दर वेळी एक केक, नकाशाच्या आकाराचा,
(माझ्या वाट्याला एकदा ग्रीनलँड आलं, नुसतं क्रीम)
आणि दर वेळी एक नवं घड्याळ.
मढवीकाका ड्रिल घेऊन यायचे,
भिंतीला कान लावून वायर कुठे आहे ते ऐकायचे.
'तू बसतेस ना गो, तथं आमचा बांध व्हता,'
मीठ कुठल्या फळीवर आहे सांगावं
इतक्या सहज म्हणाले एकदा,
आणि फुंकर मारून भोकातली भुकटी उडवली.

मुख्यालयाच्या नकाशावर मात्र ऐरोली नाही.
आमच्या ठिपक्याखाली लिहिलंय, मुंबई-दोन.
मी एकदा मेल केली होती. उत्तर आलं,
नोंद घेतली आहे.

टोलेडो बंद झालं त्या वर्षी
घड्याळ काढलं नाही कुणी.
काढलं तर रंगाचा गोल डाग दिसेल, काका म्हणाले.
फक्त सेल काढून घेतला
आणि शेजारी सेबूच्या घड्याळात घातला.
तेव्हापासून टोलेडोत चार वाजून दहा मिनिटं झालीयत.
पहाटेचे की दुपारचे,
ते त्या घड्याळाला सांगता येत नाही.

गेल्या गुरुवारी निरोप आला.
सेबू आपल्या अडीच तास पुढे,
जोसलिन नावाची मुलगी, चोवीस-पंचवीसची,
सगळं वहीत लिहून घेते.
मला मुदत सहा आठवड्यांची. अकरा लागत नाहीत आता.

काल आम्ही चार हजार बाराव्या ओळीपाशी पोचलो.
तिथे जुनी टीप आहे,
इतक्या वर्षांत मी तिला हात लावलेला नाही :
'हे काढू नका. का चालतं माहीत नाही, पण चालतं. एल.'

एल कोण? जोसलिनने विचारलं.

बाहेर ओहोटी लागली होती.
रोहित अजून आलेले नव्हते, की येऊन गेले होते.
मी म्हटलं, माझ्या बाई.
मग ते इंग्रजीत सांगायला गेले, तर
नुसतीच एक स्त्री उरली,
खडू, छडी, वहीतली लाल शाई,
आणि कुठेही भेटल्या तरी आपण पटकन उभे राहतो ते,
सगळं गळून गेलं.

जोसलिन पेन उचलून थांबली होती.
लिहू का हे, म्हणाली.
मी म्हटलं, लिही.