आइस्क्रीमच्या डब्यातलं सूप

ट्रॉन्हाइमच्या प्रयोगशाळेत तो आला
चार कुप्यांमधून :
मांडीच्या शिरेतलं रक्त, लघवी, यकृताचा तुकडा
आणि डोळ्यातलं पाणी.
रडण्याचं नव्हे. बुबुळामागचं,
जे माणूस गेल्यावरही काही दिवस
शब्द फिरवत नाही.

सोबत आइस्क्रीमचा एक डबा, दगडासारखा गोठलेला.
झाकणावर उभट अक्षरात :
कॉडचं सूप. बुधवार. मीही खाल्लं होतं.

ओड्वार, वय एकाहत्तर,
बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.
तीन दिवस उलट्या, जुलाब,
चौथ्या पहाटे न्हाणीघराच्या फरशीवर.
पहाट आपली म्हणायची;
डिसेंबरात त्या बेटावर सूर्य वर येतच नाही.
वस्ती चारशेची. सोमवारपर्यंत
सगळ्यांना सूप ठाऊक झालं होतं.
दुकानातली रांग योरुनच्या मागे
हातभर जागा सोडून उभी राहू लागली.
दुसरेपणाची बायको, त्यात दक्षिणेकडची.

सिग्नेने आधी सूपच तपासलं.
बटाटा, गाजर, शेपू.
सूप निघालं सूप.

मग रक्त.
यंत्र रात्रभर कागदावर डोंगर काढत बसलं.
एक डोंगर नको तितका उंच :
कोल्चिसिन, अंगठ्याच्या संधिवातावरचं,
शरदातल्या जांभळ्या फुलाच्या कंदातलं,
सहा वर्षं घेत होता, कधी कमी नाही, कधी जास्त नाही.
शेजारी एक साधी टेकडी :
खोकल्यावरचं अँटिबायोटिक,
महिनाभरासाठी आलेल्या बदली डॉक्टरने दिलेलं.
मात्रा दोघांचीही बरोबर.
वेगवेगळं विचारलं तर दोघंही सज्जन.

फक्त नव्याने जुन्याची बाहेर जायची वाट
अडवून धरली,
आणि वरून रोज, वेळेवर,
आणखी येत राहिलं.

माझ्या लिपीत दोन अक्षरं जोडली
की एकाला अर्धं व्हावं लागतं.
इथे जोड झाली आणि एक फुगत गेलं,
दुप्पट, तिप्पट,
तोंडात मावेना.

अहवालात सूपसाठी एकच ओळ :
विषारी द्रव्य आढळले नाही.
फोन करणं सिग्नेच्या कामात बसत नाही.
जानेवारीच्या शेवटी तिने केला.

"म्हणजे सूप नव्हतं," योरुन म्हणाली.
"नव्हतं."
बराच वेळ नुसती खरखर. तिकडे वारा असावा.
मग : "सात खणांची डबी आहे.
रविवारी मीच भरते.
तो उठत नव्हता तरी मानेखाली हात घालून उठवलं,
गोळी उलटीत पडली, तर दुसरी दिली.
चुकायला नको म्हणून."

ह्या वाक्यासाठी सिग्नेकडे कुपी नव्हती.
"तुम्ही झाकणावर वार लिहिलात," ती म्हणाली,
"त्याचा फार उपयोग झाला."
हे खरं होतं.
अर्ध्या अक्षराइतकं.

"डबा परत मिळतो का?" योरुनने विचारलं.
"झाकण घट्ट बसतं त्याचं."

नियमाप्रमाणे एक वर्ष, उणे वीस अंशांवर.
सिग्नेने वहीत तारीख टिपली,
आणि पुढे, कुठल्याच रकान्यात न बसणारं,
परत पाठवणे. धुऊन.