बदक, तोफ, नाकतोडा

"ऐक मागाली, आज तू चार वर्षांची."
मिनीबसमधून उतरता उतरता मी तिच्या कानात सांगितलं.
पाचवं लागून तिला महिना झालाय,
पण चारपर्यंतच फुकट सोडतात मेट्रोत.
तिने चार बोटं दाखवली शिपायाला, अंगठा घट्ट मिटून,
आणि आडव्या दांडीखालून वाकून पलीकडे.
एलीसेओचं एक, माझं एक.
परतीच्या मिनीबसचे पैसे मी आधीच मोज्यात घातले होते.

टेकडीवरच्या आमच्या खोलीतून मेक्सिको शहर
रात्रीच तेवढं दिसतं,
डबी उलटून सांडलेल्या टिकल्यांसारखं.
त्या दिव्यांपाशी काय असतं, पोरं विचारतात.
आठवड्याचे सहा दिवस मी तिथेच असते,
शाळेच्या गणवेशांना कॉलर लावत.
मलाही सांगता येत नाही.

नियम एकच होता: बाहेर पडायचं नाही.
बाहेर पडलं की नवीन तिकीट.
आत राहिलं तर दिवसभर फिरा,
कोण विचारतंय?

एलीसेओ स्टेशनांची लांबलचक नावं वाचायचा, अडखळत, मोठ्याने.
त्याचं नाव संपायच्या आत मागाली ओरडायची,
"तोफ!"
"घंटा!"
इथे प्रत्येक स्टेशनला चित्र आहे.
ज्याने कुणी हे ठरवलं
त्याला माझ्या आईसारखी माणसं माहीत असणार,
आणि माझ्या मुलीसारखी.

ला रासाच्या बोगद्यात मध्येच अंधार आहे,
छतावर तारे, निळसर.
तिथे मागालीचे दात उजळले, मोजे उजळले,
आणि माझ्या काळ्या ब्लाउजवर
काखेत, खांद्यावर, छातीच्या खाली,
घाईत पांढऱ्या दोऱ्याने घातलेला एकूण एक टाका.
"आई, तुझ्यावर पण आहेत!"
मी शाल ओढून घेतली.
मग सोडली.

नाकतोड्याच्या स्टेशनवर उतरलो.
जिन्याच्या टोकाला उन्हाचा चौकोन,
त्यातून फुगेवाला गेला, नुसते फुगे दिसले.
वर बाग आहे, तळं आहे, टेकडीवर किल्ला.
एलीसेओला त्याच्या मास्तरांनी सांगितलेलं सगळं.
मी मनात हिशेब केला, हातचा धरून,
पुन्हा केला.
"किल्ला आज बंद असतो," म्हटलं.
भिंतीवर त्याच्या डोक्याएवढ्या उंचीवर फलक होता.
सोमवारी बंद.
आज रविवार.
त्याने तो वाचला. ओठ हलताना मी पाहिले.
"हो गं मागाली," तो म्हणाला, "बंद आहे,"
आणि तिचं बोट धरून तिला फलाटाकडे वळवलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण पोरांचे पाय झोपेतसुद्धा वाढतात.

मग पिनो सुआरेसला, गाडी बदलायच्या वाटेवर, देऊळ.
लहानसं, गोल, उघड्या खड्ड्यात,
मेट्रो खणताना सापडलेलं.
देव कोणता? वाऱ्याचा.
जमिनीखाली कुठला आलाय वारा, एलीसेओ म्हणाला,
अजून घुश्श्यातच.
तेवढ्यात बोगद्यात गाडी शिरली असावी;
त्याची झुलपं उडाली, मागालीचा फ्रॉक फुगला,
तोर्त्यांवरचा कागद पार देवापर्यंत गेला.
तो हसला. नाइलाजाने, पण हसला.
तिथेच कठड्याला टेकून आम्ही जेवलो,
घेवड्याचा लगदा आणि एक मिरची, तिघांत.
डब्यात गोळ्या विकणाऱ्या बाईकडून
मी दहाचं पाकीट घेतलं.
घ्यायला नको होतं. घेतलं.

बदकापाशी मागाली झोपली.
सफरचंदांची पेटी तिने पाहिली नाही,
म्हणून एलीसेओने तिकिटामागे काढून ठेवली, पेन्सिलीने,
सफरचंदं जरा टोमॅटोसारखी.

रात्री खोलीत, दिवा मालवल्यावर,
खिडकीत पुन्हा त्या टिकल्या.
"तिथे खाली नाकतोडा आहे," एलीसेओ कुणाला तरी सांगत होता.
मला वाटलं दोघंही झोपतील आता.
अंधारात एक मूठ माझ्या गालाला लागली,
चार बोटं उघडी, अंगठा अजून आत.
"आई,
मी परत पाचाची कधी होऊ?"