येऊन राहिला

पुण्याच्या माणसाला हे समजवायला वेळ लागतो.
आमच्या नागपुरात ‘येऊन राहिला’ म्हणजे
अजून आलेला नाही.
वाटेत आहे. बहुधा वर्धा सोडलं असेल.

गुलाबराव नंदनवारांनी बर्डीवरच्या दुकानात
त्याच्यासाठी खिळा ठोकला त्या वर्षी
मी सव्वीस वर्षांची, अमरावती रोडला
मेश्राम मॅडमच्या प्रयोगशाळेत,
मे महिन्यात, बाराशे अंशांच्या भट्टीसमोर.
दार उघडून मुसा बाहेर काढला
की बाहेरचं सत्तेचाळीस
कूलरसारखं वाटायचं.

जुन्या टीव्हीच्या पोटात एकच बंदूक, इलेक्ट्रॉनची,
म्हणून तर ते पोट.
आमच्या पडद्यात प्रत्येक ठिपक्यामागे
त्याची त्याची बंदूक, केसाहून बारीक.
जाडी दोन पापडांची.
आमचं काम फक्त पावडरीचं:
मार लागला की उजळेल अशी पावडर.
लाल पहिल्याच उन्हाळ्यात जमला.
हिरवा फार रुसला नाही.
निळ्यानं रडवलं.
निळा सगळ्यात आधी म्हातारा होतो,
हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा, एकदाच,
कंपनीनं पोस्टकार्डाएवढा तुकडा परत पाठवला
आमची पावडर लावून.
मॅडमनी खिडकीला चादर बांधली.
पडद्यावर एक मासा.
आणि त्याच्यामागचं पाणी काळं,
रात्री दोनला फुटाळ्याचं असतं तसं,
राखाडीची भेसळ नसलेलं.
अकरा मिनिटं.
मग कल्ल्याचा निळा विरला, मासा पिवळट पडला,
आणि दारात उभे राहून बघणारे उके भाऊ म्हणाले,
“बुडाला बाप्पा.”

त्यानंतर दर दिवाळीला
दुसऱ्यांचा पडदा दोन-दोन हजारांनी उतरत गेला.
तो चांगला नव्हता.
काळ्याच्या जागी ओल्या पाटीचा रंग,
बाजूला सरकून बसलं की माणसं भुतासारखी.
पण तो होता. दुकानात होता, हप्त्यावर होता.
लोकांना मॅच बघायची होती,
काळा रंग नव्हता बघायचा.

बुटीबोरीला कंपनीनं प्लॉट घेतला होता.
नारळ फुटला, बोर्ड लागला, गवत वाढलं.
परवा तिथून गेले तर बोर्डावरचा लाल
उन्हानं पार उडालेला,
निळा जसाच्या तसा.
मी स्कूटी थांबवून एकटीच हसले.

त्या तान्ह्या पोळ्याला मारबत निघाली तेव्हा
उके भाऊ गर्दीत गळा ताणून ओरडले होते,
“पेटंटच्या भानगडी, व्होल्टेजचे झटके,
निळ्याचं म्हातारपण
घेऊन जा गे मारबत!”
तिनं काय काय नेलं माहीत नाही.
पुढल्या मार्चमध्ये आमची फेलोशिप गेली.

आता मी अकरावी-बारावीला प्रकाश शिकवते.
मॅडमच्या जागी नवे सर, भट्टीच्या जागी नवी भट्टी,
आणि श्रुतिका नावाची एक मुलगी
मला फोनवर डोळे मोठे करून सांगते
(फोनवरही कळतं):
आता पावडर नाही ताई, आता दिवेच,
राईच्या दाण्याहून बारीक, लाखोंनी,
एकेक उचलून जागेवर बसवायचा.
काळा काय दिसतो म्हणता!
किंमत? किंमत उतरेल ना.
दोनेक वर्षांत.
मी तिला निळ्याबद्दल विचारणार होते.
विचारलं नाही.

दसऱ्याला गुलाबरावांना सोनं द्यायला गेले.
दुकानात आता निम्मे मोबाईलचे कव्हर.
खिळा तिथंच, त्यावर
संत्राबर्फीवाल्याचं कॅलेंडर.
“काय म्हणते मॅडम तुमचा पडदा?”
“येऊन राहिला.”
“येऊ द्या न. आपण कुठं चाललो!”
मग स्टुलावर चढायच्या बेतात, थोडं गमतीनं,
थोडं नाही,
“कॅलेंडर काढून ठेवू काय?”

राहू द्या, म्हटलं.