शिध्याचा दोर

आधी वारा बघायचा, मग झाड.
लॅरियनमामा बोट ओलं करून
हवेत धरून बसायचा कितीतरी वेळ,
आणि आम्ही उपाशी पोरं त्या बोटाकडे बघत.

तंबू तळ्याकाठी.
वारा जिकडे जातो तिकडे शंभर पावलांवर चूल,
तिथून आडव्या अंगाने आणखी शंभर,
की म्हातारा फर, एकच फांदी लांब काढलेला.
आज पावलं मी मोजते.
मागून कोडी मोजतो, त्याची भरतात एकशे चाळीस.
सेलकर्कच्या डोंगरात त्याची ही पहिली रात्र.
आजोबांच्या दोराची कितवी, कोण सांगणार.

पिशवीत ओट, चीज, सुके वाटाणे,
आलुबुखारचा जॅम.
"दातांची पेस्टपण?"
पेस्टपण. साबण. ओठांचं मलम.
पातेलं पुसलं ते फडकं.
रस्सा सांडला तो शर्ट.
"आत्या, आपण तर मांससुद्धा खात नाही."
अस्वल विचारत नाही रे, कोण काय खातं.

मोज्यात दगड बांधून दोर भिरकावला.
तिसऱ्या फेकीत फांदीवरून गेला.
पहिल्या दोन फेकींबद्दल गावात बोलायचं नाही असं ठरलं.
पिशवी चढली अडीच पुरुष उंच,
खोडापासून लांब,
फांदीच्या कानात डूल.

ही गोष्ट मामाने कधी सांगितली नाही. मामीने सांगितली.
तिशीतला मामा, दिवसभर भिजलेला,
जॅमची बरणी तंबूच्या दाराशी विसरून झोपला.
सकाळी बरणी चाटून लख्ख,
साधा तडाही नाही.
मामा हसला म्हणे. गावभर दाखवत हिंडला.

अस्वलाला चटक लागली.
आधी दुसऱ्या कुणाचा तंबू, मग मोटारीची काच,
मग शाळेमागचं कचऱ्याचं पिंप.
सप्टेंबरात वनखात्याचे दोघे आले.

आमच्या घरात चार पिढ्या बंदूक नाही.
पणजोबांच्या लोकांनी रशियात
होत्या नव्हत्या तेवढ्या रचून जाळल्या,
त्यापायी मार खाल्ला, देश सोडला.
मामाने बंदुकीला कधी हात लावला नाही.
ती गोळी त्याने ऐकली परसात, सफरचंदं उतरवताना,
आणि अंधार पडेपर्यंत शिडीवरून खाली आला नाही.
दुसऱ्या दिवशी जाऊन हा दोर आणला.
चहात जॅम घालायचा सोडला.
"भूक काय, ते घेऊनच येतं," मामी म्हणायची,
"पत्ता आपण देतो."

मध्यरात्री कोडी मला हलवतो.
"आत्या, माझ्या खिशात बिया आहेत."
सूर्यफुलाच्या, खारवलेल्या,
आजीने निघताना कोंबलेल्या. मूठभर.
बाहेर अशी थंडी की श्वास दाताला लागतो.
"सकाळी बघू," असं मीच म्हणते,
मामाची भाची.
तो बूट चढवायला लागलेला असतो.

शंभर पावलं. शंभर पावलं.
कोडी मोठ्याने गातो, आम्ही येतोय हे कळावं म्हणून,
शाळेतलं काहीतरी, बेसूर.
दोर दवाने जड, बोटं आपली वाटत नाहीत.
पिशवी खाली. बिया आत. पिशवी वर.
तळ्यापलीकडे काहीतरी मोडतं, एकदाच.
फांदी असेल. हरीण असेल.
कोडी गाणं विसरतो, मग मधूनच परत धरतो.

सकाळी पिशवीखाली काही नाही.
पंजा नाही, ओरखडा नाही, गवतसुद्धा दबलेलं नाही.
"म्हणजे उगीचच केलं सगळं?"
हो, म्हणाले मी, आणि चहा ओतला.
मामाही असाच वर बघायचा रोज सकाळी,
काही न घडलेल्या फांदीकडे,
बराच वेळ.

कोडीने खिसा उलटा केला.
शिवणीत अडकून एक बी राहिली होती, रात्रभर,
त्याच्या मांडीशी.
त्याने ती दातांत धरून फोडली, खाल्ली,
आणि टरफल चिमटीत घेऊन उभा राहिला,
आता हे कुठे, असा माझ्याकडे बघत.